पान्ह्याची लय

डॉ. ऋजुता केळुसकर अरबी समुद्राच्या तळाशी असलेल्या ‘वरुणी’ स्थानकात उतरली, तेव्हा तिची मुलगी चार्वी दोन महिन्यांची होती. तिथल्या मिथेनच्या विहिरीला गळती लागली होती. विहिरीचे झाकण ऋजुताने घडवले होते आणि ते दुरुस्त करणारे दुसरे कुणी नव्हते. तळाच्या दाबाला शरीर एकदा सरावले की काम संपेपर्यंत वर येता येत नाही. जाताना तिने एकच अट घातली होती, की परतल्यावर मुलीला अंगावर पाजता आले पाहिजे.

त्यासाठी दूरचूषक होता. घरी चार्वी सिलिकॉनचे बोंड चोखी. त्यातून तिला वरचे दूध मिळे. आणि त्याच क्षणी, त्याच जोराने, समुद्रतळावरचे यंत्र ऋजुताचे दूध ओढून घेई.

स्थानकाच्या वैद्यकीय प्रमुख डॉ. ज्युडिथ डिमेलो यांनी तिला ते समजावून सांगितले. “दूध साठून राहिलं की त्यातलंच एक द्रव्य ग्रंथींना सांगतं, आता पुरे. रिकामं होत राहिलं की नवं बनत राहतं. पण पान्हा फुटणं वेगळं. ते मेंदूचं काम. मेंदू ज्या खुणेला सरावतो, त्या खुणेलाच दूध सोडतो.”

“आणि खूण कुणाची आहे?”

“ते शरीर विचारत नाही.”

यंत्र सुरू झाले की ऋजुता डोळे मिटून घेई. चार्वी आधी घाईघाईने चोखी, मग थबके, मग सावकाश पीत राही. तेवढ्या वेळापुरती मुलगी मांडीवर असे.

एकदा घरी व्हिडिओवर बोलता बोलता तिचा नवरा सलील म्हणाला, की चार्वीचे नाक कालपासून चोंदले आहे, रात्रभर किरकिर चालली होती. नाक चोंदलेले बाळ दोन घोट घेऊन श्वासासाठी चोखणे सोडते. यंत्र मात्र कालपासून एकदाही अडखळले नव्हते.

तिने सरळ विचारले. सलीलने कबूल केले. चार्वीने पहिल्या आठवड्यानंतर ते बोंड तोंडातच घेतले नव्हते. ती साध्या बाटलीने पीत होती. पहिल्या आठवड्यात नोंदलेले चोखणेच यंत्रावर पुन्हा पुन्हा लावावे, असे मोहिमेच्या कार्यालयाने सुचवले आणि तो हो म्हणाला.

“तुला सांगितलं असतं तर तू यंत्र काढून टाकलं असतंस. दूध आटलं असतं.”

“म्हणजे इतके दिवस मी कुणाला पाजत होते, सलील?”



त्या दिवशी तिने यंत्र लावले नाही. छाती दगडासारखी झाली, अंगात ताप भरला. डॉ. डिमेलोंनी औषध दिले आणि बजावले, की थांबायचेच असेल तर हळूहळू थांब. पण मग वर पोचेपर्यंत काही उरणार नाही. ऋजुताने यंत्र पुन्हा लावले. पलीकडे कुणी नाही हे ठाऊक असूनही पान्हा फुटला. तिला स्वतःच्या शरीराची किळस आली.

ती वर आली तेव्हा चार्वी पालथी पडू लागली होती. आईने उचलले की अंग ताठ करून सलीलकडे झेपावायची. बऱ्याच दिवसांच्या खटपटीनंतर एकदा अर्धवट झोपेत तिने स्तन तोंडात घेतला. थोराड बाळासारखी, एका दमात, जोराने ती चोखू लागली.

काहीच आले नाही. स्तन तर भरलेला होता. चार्वीने पुन्हा ओढले, मग सोडून भोकाड पसरले.

ऋजुताला डॉक्टरांना विचारावे लागले नाही. तिच्या मेंदूला लय पाठ होती ती दोन महिन्यांच्या चार्वीची. ही मुलगी त्याला परकी होती.

तिने सलीलला तळावरून सोबत आणलेला दूरचूषक द्यायला सांगितला आणि दुसऱ्या बाजूला लावला. आधी घाईघाईने, मग थबकून, मग सावकाश. दोन्हीकडे पान्हा फुटला. चार्वी घटाघटा पिऊ लागली.

“बघ, जमलं,” सलील म्हणाला.

यंत्र थबकले की धार आटे, आणि चार्वी डोळे उघडून ते पुन्हा सुरू होण्याची वाट पाही.