खाणीच्या दरीतली हजेरी

सुधीर, आधी ती खिडकी लाव. आणि काय दात काढायचे ते आत्ताच काढून घ्या, मध्ये तोंड घातलेलं मला चालत नाही. हॅनोव्हरला शिकायला आलात न आलात, तोच गाडी काढून दऱ्याखोऱ्यांत भटकायचे बेत चाललेत तुमचे, म्हणून सांगतो. यशवंत न्युरेम्बर्गला माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा. मला हे त्यानंच सांगितलं. सन सत्तावन्न, ऑगस्टमधला शनिवार, आपल्याकडची नारळी पौर्णिमा.

त्याची बायको कुसुम क्षयानं दूर डोंगरातल्या सॅनेटोरियममध्ये होती. जरा सुधारत होती. तिला घरी आणता यावं म्हणून यशवंतनं जुनी फोक्सवागन घेतली होती. कुसुमनं बजावलं होतं, "अहो, पूजा केल्याशिवाय मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही." झालं! बायकोचा हुकूम. नारळ तिथे कुठला मिळायला? पठ्ठ्यानं गराजचं दार आतून लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, कुंकू तेलात कालवलं आणि बॉनेटवर छान स्वस्तिक काढलं.

जर्मनीत, बरं का! आपलं शुभचिन्ह वेगळं, त्यांचं वेगळं, हे आपल्याला कळतं. पण तिथल्या लोकांनी ते कोणाच्या बाहीवर पाहिलं होतं, हे यशवंतला पक्कं ठाऊक होतं. नमस्कार झाला की पुसायचं आणि मगच गाडी बाहेर काढायची, असं त्यानं ठरवलं होतं. तेवढ्यात घरमालकीण धापा टाकत आली. सॅनेटोरियमचा फोन. कुसुमला रक्ताची उलटी झालीय, ती सारखं तुमचं नाव घेतेय, ताबडतोब निघा.

तो तसाच निघाला.

जवळचा रस्ता दरीतून होता. दोन्ही बाजूंना पांढरे कडे. पूर्वी तिथे दगडाची खाण होती, तिनं डोंगर असा खरवडून काढलेला की झाड नाही, गवताची काडी नाही. नुसतं वाळवंट. युद्धात तिथे कैद्यांना राबवत, कितीतरी तिथेच मेले. भर दुपारी आभाळ काळं झालं. वारा सुटला, गारा कोसळायला लागल्या. यशवंतनं दिवे लावले.

वळणावर माणसं उभी होती.

रस्त्याचे मजूर असतील, असं त्याला वाटलं. त्यानं हॉर्न दिला. दिव्यांचा उजेड त्यांच्यावर पडला… आणि सगळ्यांनी एकदम डोक्यावरच्या टोप्या काढल्या. मुंडलेली डोकी. पट्ट्यापट्ट्यांचे कपडे. गुडघ्यापर्यंत पांढरा, खाणीतला चिखल. रस्ताभर रांगा. कोणी हलेना.

सगळे बॉनेटकडे बघत होते.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. ते त्याला नाझी साहेब समजत होते. हुकमाची वाट बघत होते.

तो खाली उतरला. "गेहेन झी! बिट्टे! जा ना!" त्यांनी माना आणखी खाली घातल्या. रुमालानं तो बॉनेट पुसायला लागला. तेलातलं कुंकू ते… पुसलं जाईना. पसरत गेलं. लाल. आणखी लाल. रांगा आणखी ताठ झाल्या.

तो गाडीत शिरला. काच वर केली. स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागला. "बाबांनो, माझी बायको मरतेय रे. सोडा मला…"

काचेवर टकटक झाली.

अगदी हळू. एका बोटाची.

त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले.

पुन्हा टकटक…

तो म्हणायचा, मी वर बघितलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

पुन्हा… मग नाही.

बऱ्याच वेळानं त्यानं मान वर केली. रस्ता मोकळा होता.

तो पोचला तेव्हा कुसुम गेलेली होती. मला अजून त्याची दया येते रे. एवढा रस्ता कापला आणि शेवटचं बघणंही नाही. श्वेस्टर, म्हणजे तिथली नर्स, भली बाई होती. म्हणाली, "हेर यशवंत, मी सकाळपासून इथून हलले नाही. बसायची ताकद नव्हती तिला, पलंगावरून उतरणं तर लांबच. दाराकडे डोळे लावून होती. मग म्हणाली, ते येत नाहीत, मीच जाते. आणि डोळे मिटले."

तिला आणखीही काही सांगायचं होतं, सांगवत नव्हतं.

मग तिनं पायाकडची चादर वर केली.

कुसुमचे तळवे ओले होते. बोटांच्या बेचक्यांत पांढरा चिखल… आणि एक गार, अजून न विरघळलेली.