अम्माच्या मोबाइलवरची अजान

आधीच सांगते, पटलं नाही तर सोडून द्या. पटवून पटवून मी थकलेय. पण हे घडलंय, माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. गेल्या रमजानात, इझ्बत अल-बुर्जला, आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात. खिडकीतून नाईल दिसते आणि तिच्यापुढे लगेच समुद्र.

मी रबाब. शाळेच्या ऑफिसात नोकरी करते आणि घरादाराचे मोबाइल फुकटात दुरुस्त करते. मावशीचा फोन भरला, बोलवा रबाबला. मामा पासवर्ड विसरले, बोलवा रबाबला. दिवसभर एकमेकांना फुलांचे फोटो पाठवायचे आणि मग विचारायचं, फोन हळू का चालतो गं. वैताग आलाय नुसता.

त्यामुळे पहिल्याच रोजाला अम्मा म्हणाली, "माझी अजान नाही झाली अजून," तेव्हा मला वाटलं, घ्या, आणखी एक काम.

मशिदीत हाजी मितवल्लींनी मगरिबची, सूर्य बुडाल्यावरची, अजान दिली होती. डाळीचं सूप निवत होतं. मी खजूर तोंडात टाकला. अम्मा मांडीवर हात ठेवून बसली होती आणि समोर तिचा मोबाइल होता.

"अम्मा, झाली अजान. खा."

"ती हाजींची. माझी नाही झाली."

हे अजानचं ॲप माझ्या भावाने, नागीने, टाकून दिलं होतं. मासेमारीच्या मोठ्या बोटीवर असायचा तो. घाईत त्याने स्वतःच्याच खात्यावर टाकलं, आणि झालं असं की त्याचा फोन जिथे असेल तिथली वेळ अम्माच्या फोनवर यायला लागली. मी दुरुस्त करायला गेले तर अम्माने हात धरला. म्हणाली, "राहू दे. पोरगं समुद्रात उपाशी असताना मी कशी जेवू?" तिकडे त्याच्या बोटीवर सूर्य बुडाला की इकडे ती पाणी प्यायची. तेव्हा तो जवळच असायचा, फार उशीर होत नसे. आम्ही तिला हसायचो.

मग हिवाळ्यात नागीची बोट मोरोक्कोच्याही पलीकडे, मोठ्या समुद्रात बुडाली.

कुणीच सापडलं नाही.

अम्माने मातम बसू दिला नाही. गैरहजर मयताची नमाज पढू दिली नाही. "आधी माझं पोरगं दाखवा, मग रडते," एवढंच म्हणायची.

तर त्या पहिल्या रोजाला... मोबाइल गप्प होता.

बाहेर अंधार पडला. टीव्हीवर कैरोची अजानसुद्धा होऊन गेली. अम्माला साखरेचा आजार. डॉक्टरांनी रोजाच नको म्हटलं होतं. तिचे हात थरथरायला लागले, कपाळावर घाम आला. मी ओरडले, विनवण्या केल्या, रडले. ती बसून राहिली.

अडीच तासांहून जास्त वेळ गेला.

आणि मग... मोबाइल वाजला.

नागीने निवडलेली जुनी ध्वनिफीत. सुरुवातीला खरखर, मग तो म्हातारा आवाज.

अम्मा घटाघटा पाणी प्यायली. "तिकडे सूर्य आत्ता बुडाला बघ," म्हणाली.

मी घाबरले नाही. मला राग आला. लोकेशन अडकलंय, दुसरं काय. ॲप काढलं, पुन्हा टाकलं, फोन बंद करून चालू केला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा उशीर. पण आदल्या दिवसापेक्षा थोडा कमी.

तिसऱ्या दिवशी त्याहून कमी.

अडकलेलं लोकेशन सरकत नाही हो.

त्या ॲपच्या कोपऱ्यात गावाचं नाव येतं. पहिल्या दिवशी ती जागा कोरीच होती. मग आलं मोरोक्कोचं टँजियर. मग ओरान. आजारी माणूस भिंत धरून चालावा तसं ते रोज थोडं थोडं पूर्वेकडे सरकत होतं.

"जवळ येतोय," अम्मा म्हणाली.

"अम्मा, मशीन आहे ते. बिघडलंय."

"मग कर ना दुरुस्त. तुला सगळं येतं."

टोमणा होता. मला लागलाही. त्या दुपारी ती झोपलेली असताना मी फोन उचलला. ते खातंच काढून टाकायचं ठरवलं. अजून चार दिवस असे गेले असते तर अम्मा हातची गेली असती.

पासवर्ड मागितला. तो फक्त नागीला माहीत. विसरलात का? हो, विसरले बाबा. मग पडद्यावर ओळ आली... तुमच्या दुसऱ्या फोनवर विचारणा पाठवली आहे. तिथे 'होय' दाबा.

दुसरा फोन. तो समुद्राच्या तळाशी.

मी हताश होऊन हसले. फोन ठेवणार, तेवढ्यात...

ओळ बदलली.

'दुसऱ्या फोनवरून नकार देण्यात आला.'

कोणीतरी 'नाही' दाबलं होतं. यंत्र आपणहून नाही दाबत, वेळ संपली तर तसं सांगतं. मी पुन्हा पाठवली नाही. माझी हिंमत झाली नाही.

त्यानंतर मी अम्माशी वाद घालायचं सोडलं. ती जेवत नाही तोवर मीही जेवत नसे. दोघी त्या फोनकडे बघत बसायचो. ट्युनिस आलं. बेनगाझी आलं. उशीर कमी होत गेला तसे तिचे हात थरथरायचे थांबले. हाजी मितवल्ली जिन्यात भेटले की चिडवायचे, "रबाब, आवर तुझ्या आईच्या मोबाइलला. बाई मला विचारत नाही, मला घरी बसवतील लोक."

मी हसायचे. कोपऱ्यात अलेक्झांड्रिया आलं होतं, ते त्यांना सांगितलं नाही.

रमजानचा शेवटचा दिवस.

अम्माने नागीच्या आवडीचं सगळं केलं होतं. भरलेली वांगी, मुलुखियाची भाजी, तळलेला मासा. तिसरं ताट मांडलं. दार सताड उघडं ठेवलं. खरं सांगते, मीही दाराकडेच बघत होते.

सूर्य बुडाला.

हाजींनी अजान सुरू केली... आणि त्याच क्षणी मोबाइलमधून खरखर आली.

दोन्ही अजान एकदम. एका सुरात.

आणि मग मला तिसरी ऐकू आली.

तीच खरखर. तोच म्हातारा आवाज. जिन्यातून.

मी धावत बाहेर गेले. जिना रिकामा होता. आवाज एक मजला खाली. मी उतरले... तो आणखी खाली. रस्त्यावर आले तेव्हा तो नाईलच्या काठाने, नांगरलेल्या बोटींच्या पलीकडे जात होता. माणूस दिसत नव्हता. काठावर कुत्री असतात नेहमी, त्या दिवशी एकही नव्हतं.

वर आले. अम्मा जेवत होती. तिसऱ्या ताटाला कुणी हात लावला नव्हता.

"आला होता?" मी विचारलं.

ती म्हणाली, "दारात उभा राहिला. आत ये म्हटलं, तर नाही आला."

दुसऱ्या दिवशी ईद. संध्याकाळी मोबाइलवरची अजान झाली... आणि हाजींची नंतर झाली.

अम्माचा घास हातातच राहिला.

"पुढे गेला गं," म्हणाली. मग पहिल्यांदा रडली. हिवाळ्यापासूनचं सगळं रडली. डोळे पुसून म्हणाली, "हाजींना सांग, शुक्रवारी मयताची नमाज ठेवा. पोचलं माझं पोरगं. हा फोन तुझ्याकडेच ठेव, मला नको आता."

नमाज झाली. लोक भेटून गेले. अम्मा आता वेळेवर जेवते, वेळेवर गोळ्या घेते. माझ्या जिवाचा घोर संपला, असं मी समजत होते.

फोन माझ्या कपाटात आहे. आवाज बंद केलाय, पण अजानच्या वेळी पडदा पेटतो. मी बघायला नको, पण बघते. ती वेळ रोज आधी आधी येत गेली. दुपारी. मग सकाळी. मग पहाटे. मग ऐन रात्री. मुंबईचं नाव आलं, मनिलाचं आलं, नंतर कितीतरी दिवस कोरंच.

पृथ्वी गोल आहे हे अम्माच्या डोक्यात येत नाही. माझ्या येतं. तिला वाटतं, तो पोचला.

परवापासून पडदा आमची जेवणं झाल्यावर, अडीच-तीन तास उशिरा पेटतो. कोपऱ्यात नाव नाही. तीच जागा, जिथे बोट बुडाली.

आणि आज पडद्यावर एक ओळ आहे. संध्याकाळपासून आहे, जात नाही.

'दुसऱ्या फोनवरून कुणीतरी आत येऊ पाहत आहे. हे तुम्हीच आहात का?'

खाली दोन बटणं. होय. नाही.

"कुणाचा मेसेज गं?" अम्माने स्वयंपाकघरातून विचारलं.

"कुणाचा नाही अम्मा. कंपनीचा."

अजून मी काहीच दाबलेलं नाही.