दुसऱ्या शिफ्टसाठी एक नाव

"ओ ताई, टीम लीडर साहेब कुठं हायेत?"

पॅकिंग लाइनवर पहिल्याच दिवशी त्यानं हे मलाच विचारलं. मी शितल, शिरूरकडच्या इनामगावची, रांजणगावच्या कंपनीत नुकतीच लीडर झालेली.

"समोर उभी हाय की," मी म्हटलं. तो असा गोरामोरा झाला... मला हसू आवरेना. सुदर्शन त्याचं नाव, गाव दौंड.

ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, नवी टीम आधी गोडगोड बोलते, मग भांडते, मग सावरते आणि मग कुठं कामाला लागते. आमची आठवडाभरातच भांडली. दौंडची बस रोज दहा मिनिटं उशिरा यायची, तोवर शिरूरवाल्यांनी एकट्यांनीच लाइन ओढायची.

"बस काय मी चालवतो व्हय?" सुदर्शन कडाडला.

मग मी जोड्याच लावल्या. प्रत्येक मशीनवर एक शिरूरचा, एक दौंडचा. शेवटी उरलो आम्ही दोघं. देवाशप्पथ, मुद्दाम नाही केलं!

तो खोकं धरायचा, मी टेप मारायची. बोटाला बोट लागलं की दोघंही उगाच लेबल वाचत बसायचो.

"लई कडक हाय बाबा तुम्ही."

"मग लाइन बदलून मागा."

"येडा हाय का मी?" आणि असा बघायचा... माझी मोजणीच चुकायची.

तीन महिन्यांत आमची लाइन प्लांटमध्ये पहिली आली. तशी मॅनेजर म्हणाले, "दुसऱ्या शिफ्टला लीडर हवाय. तुमच्यातलं एक नाव द्या."

नाव एकच होतं. पण दिलं, तर तो दुपारी येणार आणि मी दुपारी निघणार. रोजचं बोलणंच संपलं! त्या मेल्यावर केवढा जीव जडला होता माझा... बाथरूममध्ये जाऊन रडले. मग तोंड धुतलं आणि नाव देऊन आले.

तासाभरातच तो बढतीचं लेटर घेऊन समोर उभा.

"मला घालवायचं व्हतं व्हय?"

"तुम्ही लायक हाय. मी नाव दाबलं असतं, तर लीडर कसली?" मी मान खाली घातली. "पण... तुमच्याबिगर मला करमायचं न्हाई."

त्यानं लेटर घडी करून खिशात घातलं. मग हळूच हसला.

"आजवर तुमच्या हाताखाली व्हतो, म्हणून तोंड उघडलं न्हाई. आता विचारतो — रविवारी आई-आप्पांना घिऊन इनामगावला येऊ?"

तीन महिने सगळ्या लाइनला हुकूम सोडले होते मी. पण तेवढं एक "या" मी खोक्यावरचं लेबल वाचत म्हटलं.