दुधी संध्याकाळी फुलतो

रसिकाचं बारसं झालं ते साल दोन हजार एकोणीस. नातीच्या बारशाला म्हणून सुनंदा साताऱ्याहून दिल्लीत मयूर विहारला लेकाकडे आली आणि राहिलीच. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, तिकडे वाट बघणारं कुणी नव्हतं. होळीच्या आधी तिनं गच्चीवर जुन्या बादल्यांत दुधी आणि भेंडी लावली.

एप्रिलच्या एका सकाळी ती पाणी घालायला वर गेली, तर एक गृहस्थ तिच्या वेलापुढे वाकलेले. हातात रंगाचा ब्रश.

"कोण आहे? चोरी चाललीय की चित्रकला?" घाईत तोंडून मराठीच निघालं.

ते दचकले, मग हसले. "मी बळवंत वाघचौरे. खालच्या मजल्यावर राहतो, एकटाच. तुमच्या दुधीच्या कळ्या गळतायत. एवढ्या उंच मधमाशी येत नाही ना... म्हणून म्हटलं, नराचा पराग मादीला—" आणि तिथेच ते अडले. कान लाल झाले.

"बोला की. लाजता काय?"

"हेल्प करत होतो, बस."

"अहो, सकाळी भोपळा फुलतो. दुधी संध्याकाळी. मिटलेल्या फुलाला गुदगुल्या करून काय मिळणार?"

"अच्छा... मग संध्याकाळी येऊ?"

"गच्ची काय माझ्या बापाची आहे? या."

ते आले. मग रोजच येऊ लागले. दिवसभर लू, म्हणजे तिथला गरम वारा, भाजून काढायची, ऊन कललं की वेलावर पांढरी फुलं उघडायची. बळवंतराव नर फूल तोडून तिच्या हातात देत. मागे बोटाएवढा दुधी असलेलं मादी फूल शोधून सुनंदा ते त्यावर अलगद टेकवी. एकदा ते चुकून मादी फूलच तोडायला गेले. तिनं मनगट धरलं... आणि सोडायला जरा उशीरच केला.

लिफ्टमध्ये कुजबुज सुरू झाली. निखिल घरी येऊन म्हणाला, "आई, लोक हसतायत. उद्यापासून वर जायचं नाही. ते जमत नसेल तर साताऱ्याला जा."

"रसिकाला सोडून?"

"ते तू ठरव."

सुनंदानं रात्र जागून काढली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं जांभळी साडी नेसली, पिशवी भरली आणि एक मजला उतरून बळवंतरावांची बेल वाजवली. जिन्यात शेजारच्या दोघी उभ्या होत्या.

"बायका बघतायत हो," बळवंतराव हळूच म्हणाले.

"बघू देत. गच्ची सोड नाहीतर घर सोड, असं लेकानं सांगितलं. मी घर सोडलं. आता तुम्ही आत घेता की साताऱ्याचं तिकीट काढू?"

बळवंतरावांनी तिच्या पिशवीकडे पाहिलं, मग त्या दोघींकडे. दार सताड उघडलं.

"चपला आत काढा," ते मोठ्यानं म्हणाले. "बाहेर ठेवल्या की माकडं नेतात. बायकोच्या चपलांसाठी मी रोज कुठे माकडांच्या मागे धावू?"

"बायको? विचारलंत कधी?"

"आत्ता विचारतोय... या सगळ्यांच्या समोर."

"मग हो. पण पिशवी ठेवते आणि आधी वर जाऊ. फुलं आपल्यासाठी थांबत नाहीत."

त्याच उन्हाळ्यात कोर्टात लग्न झालं. निखिल आला नाही. सून अपूर्वा मात्र रसिकाला कडेवर घेऊन आली, साक्षीदार म्हणून सही करून गेली. सोसायटीनं बादल्या हटवायला सांगितलं, तेव्हा दोघांनी कारल्याच्या आणखी चार आणल्या. पुढे दर उन्हाळ्यात संध्याकाळी ती दोघं हातात हात घेऊन जिना चढत, आणि कुणी दिसलं तर मुद्दाम सावकाश.

दोन हजार तेवीसच्या डिसेंबरात बळवंत वाघचौरे हृदयविकाराने घरीच वारले. सुनंदा जवळ होती.