सीटवर कोणी नाही

ही गोष्ट खरी आहे. माझ्या मामाची आहे, आणि मामाला खोटं बोलता येत नाही. गिऱ्हाइकालासुद्धा तो "उद्या देतो" म्हणत नाही, "बघू" म्हणतो.

आणि हो, रात्र नव्हती. दुपारचे तीन वाजले होते. लख्ख ऊन. मामी मागच्या दारी कपडे वाळत घालत होती.

मामाचं गॅरेज म्हणजे टेकडीच्या पायथ्याशी पत्र्याची शेड. तिथे एक माणूस छोटा ट्रॅक्टर घेऊन आला. चांगला आडदांड गडी.

"मिस्त्री, पुढची चाकं लागत नाहीत."

फोर व्हील ड्राइव्हचा ट्रॅक्टर. बटण दाबलं की आतल्या क्लचला करंट जातो, 'टक' आवाज येतो आणि मागच्यांबरोबर पुढची चाकंही ओढायला लागतात.

"कधीपासून?"

"तीन दिवस झाले. घर वर चढावर आहे. अर्ध्यावर जातो, घसरतो, परत खाली. बायको वाट बघत असेल."

मामा ट्रॅक्टरखाली सरपटला. "दाबा बटण!"

"दाबलं."

टक नाही.

मामाने क्लचच्या वायरीला टेस्ट लॅम्प लावला. करंट आला की दिवा लागतो. बिनडोक वस्तू, म्हणूनच मामाचा तिच्यावर माणसांपेक्षा जास्त विश्वास.

"पुन्हा दाबा."

दिवा लागला नाही.

म्हणजे क्लच ठणठणीत होता, करंटच पोहोचत नव्हता. मामा वायर धरून वर वर गेला... आणि सीटखाली येऊन थांबला.

तिथे एक स्विच असतो. माणूस बसला की दबतो. सीटवर कोणी नसेल तर पुढची चाकं लागायची नाहीत, अशी सोय.

"जरा उतरा."

मामा स्वतः बसला. टक. दिवा लागला.

सीटवर जुनी बॅटरी ठेवली. टक.

मामी चहा घेऊन आली, तिलाही बसवलं. टक. "तू बसलीस तर दिवा जरा जास्तच लागला," मामा म्हणाला. मामी दोन दिवस बोलली नाही, पण ती वेगळी भयकथा.

मग तो माणूस बसला...

काहीच नाही.

मामाने त्याला पुढे सरकवलं, मागे सरकवलं, शेवटी उड्या मारायला लावल्या. नव्वद किलोचा माणूस सीटवर उड्या मारत होता...

आणि सीटची स्प्रिंग कुरकुरत नव्हती.

मामाच्या मानेवरचा घाम गार झाला.

"वजन कमी पडतंय तुमचं," तो कसाबसा म्हणाला.

"घरचे उलटं म्हणायचे." माणूस हसला. "त्यापेक्षा स्विच बाजूला काढा ना. वायरी थेट जोडा."

मामाचा एक नियम होता. सीटचा स्विच थेट जोडायचा नाही. वीस वर्षांत एकदाही नाही. माणूस आहे की नाही, हे कळायलाच तो असतो.

"ते मी करत नाही."

"मिस्त्री..." माणसाचा आवाज खाली गेला. "फक्त घरी जायचंय हो मला."

मामा विरघळला. दोन वायरी सोलल्या, पिळल्या, काळी टेप गुंडाळली.

टक.

सवयीप्रमाणे त्याने बॉनेटवर गॅरेजचा स्टिकर चिकटवला. फोन नंबर, आणि खाली 'सेवा आवडल्यास पुन्हा या'.

ट्रॅक्टर चढाला लागला. चारही चाकं झकास ओढत होती. मामी कप न्यायला आली. त्या माणसाचा चहा काठोकाठ तसाच होता. वर साय.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. बाईचा आवाज. अगदी हळू.

"भाऊ, पुढची चाकं तुम्ही लावून दिलीत?"

"हो. का, काही त्रास?"

तिने आवाज आणखी खाली आणला.

"आमचे हे त्याच चढावर ट्रॅक्टर उलटून गेले. महिना झाला. गेले तीन दिवस खालून इंजिनाचा आवाज यायचा. अर्ध्यावर यायचा... आणि घसरत परत जायचा. त्यांना चढता येत नव्हतं भाऊ, म्हणून आम्ही झोपत तरी होतो."

"आता... कुठे आहे ट्रॅक्टर?"

"दारात. सीटवर कोणी नाही."

फोनमध्ये इंजिनाची धडधड ऐकू येत होती. मग ती थांबली.

मग दार वाजलं.

फोन कटला.

मामा धावत चढ चढून गेला. वर एकच घर. दाराला आतून कडी. हाका मारल्या, ओ नाही. अंगणात चाकांचे खोल ठसे होते, थेट उंबऱ्यापर्यंत. परतीचे नव्हते.

ट्रॅक्टरही नव्हता.

त्या नंबरवर मामा अजून फोन लावतो. रिंग जाते.

तेव्हापासून गॅरेजमध्ये येईल त्याला आधी एका जुन्या सीटवर बसवतात. खाली स्विच, समोर दिवा. दिवा लागला तरच मामा विचारतो, "बोला, काय झालं?" लोक हसतात. मामा हसत नाही.

मागच्या आठवड्यात मी गेलो होतो. सवयीने सीटवर बसलो.

दिवा लागला.

पण... जरा उशिरा.

मामाने मामीला चहा टाकायला सांगितला आणि मी पितोय की नाही, ते बघत बसला. मी प्यायलो. सगळा.

गरम होता की गार... ते मात्र काही केल्या आठवत नाही.