एक माणूस, एक नंबर

पंढरी भोईर पहिल्या दिवसापासूनच माझ्या डोक्यात गेला होता. मी टेबलावर लॅपटॉप ठेवला, तर त्याने तो उचलून स्टुलावर ठेवला आणि म्हणाला, "टेबल पेपरांचा हाय."

साल २००७. भिवंडीच्या धामणकर नाक्यामागच्या त्या सत्तर खाटांच्या रुग्णालयात आमच्या ठाण्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर बसलं होतं. शेजारच्या गाळ्यातले लूम दिवसभर खडखडायचे आणि रेकॉर्ड रूमची भिंत त्यांच्याबरोबर थरथरायची. माझं काम कंटाळवाणं होतं. लॅब, औषधालय, विमा कंपनी, सगळ्यांच्या सॉफ्टवेअरनी एकमेकांशी ठरलेल्या साच्यातच बोललं पाहिजे, असं एक मानक असतं. पेशंट दाखल झाला की एक संदेश, रिपोर्ट आला की दुसरा. आमचं सॉफ्टवेअर यातलं काय पाळतं ते प्रत्येक संदेश पाठवून बघायचं, तक्त्यात 'होय' किंवा 'नाही' लिहायचं आणि खाली सही करायची.

शेवटी उरला होता एकत्रीकरणाचा संदेश. भिवंडीत त्याची फार गरज. लूमवरचा कामगार एकदा एक नाव सांगतो, पुढच्या खेपेला दुसरंच, आणि एका माणसाचे दोन नंबर होऊन बसतात. आमचं सॉफ्टवेअर त्या दोन्ही नोंदी एक करायचं. एक नंबर राहायचा, दुसरा त्यात विरघळायचा. एक केलेलं पुन्हा वेगळं करायचाही संदेश मानकात आहे. त्याच्यापुढे मी 'नाही' लिहून मोकळा झालो होतो. त्याला पंधरा दिवस लागले असते, आणि हवंय कुणाला, असं मीच साहेबांना पटवलं होतं.

पंढरी तेच काम या रेकॉर्ड रूममध्ये तेवीस वर्षं सुताने करत होता. दोन केसपेपर एकावर एक ठेवायचे आणि लूमच्या सुताने सरकगाठ मारायची. "चूक झाली तं सोडता येते," तो म्हणायचा.

तपासणीसाठी मी त्याच्याकडे दोन पेपर मागितले.

"मानसांची पेपरं खेळाला न्हाय देत."

"खेळ नाही, काम आहे माझं."

"तुजं काम झालं का माजं संपल. ठावं हाय मना. तवा गप बस."

डोकं सणकलं. खऱ्या माणसांची नावं तपासणीत वापरायची नाहीत, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम, आणि तो न मोडणारा माणूस मला अजून भेटायचाय. एक नाव माझं टाकलं, प्रितम तरे. दुसरं त्याचं. स्टाफच्या रजिस्टरमधून त्याची जन्मतारीख, पत्ता, सगळं उतरवून घेतलं. मग पंढरीचा नंबर माझ्या नंबरात विलीन केला. मजा वाटली, खोटं कशाला बोलू.

दोन सेकंदांत समोरून उत्तर आलं: स्वीकारलं.

मग लक्षात आलं, समोर कुणी नव्हतंच. लॅबच्या कॉम्प्युटरला जोडायची वायर अजून माझ्या बॅगेत गुंडाळलेली होती. जुनं उत्तर कुठेतरी अडकलं असेल, असं स्वतःला सांगून मी 'होय' लिहिलं आणि तक्ता सही करून पाठवून दिला. मागे वळलो तर पंढरी माझ्याकडे बघत उभा होता.

दुसऱ्या दिवशी त्याची खुर्ची रिकामी होती. दांडी मारली असेल. चहाही एकच आला. वॉर्डातली सिस्टर उन्नती दारातूनच म्हणाली, "अन्सारीचा मागच्या वर्षीचा पेपर पायजे, लवकर."

"खालचा कप्पा, टीबीच्या गठ्ठ्यामागे," मी म्हणालो.

तिने हात घातला आणि पेपर काढला. त्या कप्प्यात मी कधी वाकूनही पाहिलं नव्हतं.

"पंढरी कुठे आहे?" मी विचारलं.

"कोण पंढरी?"

"भोईर. रेकॉर्डवाला."

"सकाळी सकाळी डोकं नका खाऊ हां. रेकॉर्ड तुम्हीच बघता ना?"

मी हजेरीची जुनी रजिस्टरं काढली. पंढरीचं नाव कुठेच नव्हतं. त्याच्या ओळीत माझं नाव होतं आणि सह्या माझ्या अक्षरातल्या होत्या. सर्वांत जुनी १९८४ची. तेव्हा मी पाच वर्षांचा होतो.

लॅपटॉपवर एकच नोंद उरली होती. माझी लहानपणची कावीळ आणि त्याखाली त्याची साखर, एकाच माणसाची असल्यासारखी.

वेगळं करायचं बटण मी तरीही शोधलं. नाही हे माहीत असताना शोधलं. भीती वाटली, आणि लाज त्याहून जास्त. माणूस खडूस होता, मान्य. पण होता.

साहेबांना फोन लावला. "वेगळं करायचा कोड आजच हवाय."

"तक्त्यात 'नाही' लिहून सही केलीस ना? मग विषय संपला."

दुपारीच शेअर रिक्षा पकडून मी अंजूरला घरी आलो.

अंगणात दोन बायका समोरासमोर बसून सुपात जवळा निवडत होत्या. एक थकलेली, कपाळावर गोंदण असलेली. तिला मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"आलास, पंढरी?" ती म्हणाली. "हात धू."

"ऐकतोस ना प्रितम, चंपाआये काय सांगते?" दुसरी, माझी आई, म्हणाली. तिला कशाचंच नवल वाटलेलं दिसलं नाही.

तुम्ही कोण, असं त्या म्हातारीला विचारायला मी तोंड उघडलं.

आणि मला आठवलं. अंगात फणफणून ताप होता. खाडीच्या चिखलातून हिने मला कडेवर घेऊन नेलं होतं, सुई टोचायला. हिच्या पदराला माशांचा आणि तंबाखूचा वास होता. मी तो पदर मुठीत धरला होता.

"आलो, आये," मी म्हणालो.

हात धुऊन मी तिच्याजवळ जाऊन टेकलो. समोरची बाई माझ्याकडे बघून मायेने हसली. चेहरा ओळखीचा होता. फार ओळखीचा होता.

तिचं नाव मला चंपाआयेला विचारावं लागलं.