उंबऱ्याच्या आत

भाड्याचं घर बघावं तर ते बब्रुवानानं. एसटीत कंडक्टर असल्यामुळं चौकशी अंगात मुरलेली. महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली असतील. त्याची तुळजापूरहून कळंबला बदली झाली आणि एका उन्हाळी दुपारी तो बायकोला घेऊन घर पाहायला आला. द्वारकाला सातवा महिना होता. आधीची दोन लेकरं हाती लागली नव्हती. हे तिसरं तरी जगावं, यापलीकडं त्या दोघांना देवाकडं काही मागायचं उरलं नव्हतं.

घर शब्बीरचं. बाजारात त्याचं बांगड्यांचं दुकान. माणूस मऊ, कमी बोलणारा. द्वारकाला त्यानं ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि बब्रुवानाला घर दाखवू लागला. बब्रुवानानं काही सोडलं नाही. आडाचं पाणी चाखलं, त्यात डाळ शिजते का विचारलं. चुलीचा धूर कुठून जातो, शेजार कसा, सगळं खोदून खोदून विचारलं. मग माळवद गळतं का ते बघायला दोघं शिडीनं वर चढले. मातीवर टाचा आपटून बघताना त्याला खालून द्वारकाचा आवाज आला. ती हळू आवाजात कुणाशी तरी बोलत होती. मधूनच हसत होती. कितीतरी दिवसांनी हसत होती. बरं वाटलं त्याला.

"शेजारीण आली वाटतं," तो म्हणाला.

शब्बीरचा चेहरा उतरला. "भाभी ओसरीवरच हायत ना?"

तो उत्तराला थांबला नाही. धडपडत शिडी उतरला, मागोमाग बब्रुवान. ओसरी रिकामी होती.

माजघरात खिडकी नव्हती. दारातून आलेला उजेड दोन पावलांवर संपत होता. बंद घराच्या कोंदट वासात ओव्या-शेपांच्या धुरीचा वास मिसळला होता, बाळंतिणीच्या खोलीत असतो तसा. द्वारका भिंतीला टेकून, पाय पसरून बसली होती. एकटीच.

"आवं, त्या बाई कुठं गेल्या?"

"कोण बाई?"

"मला आत बोलावलं की त्यांनी. म्हणल्या, बाहेर ऊन लागंल... पोटावरनं हात फिरवीत हुत्या. लई गार हात. म्हणल्या, ह्ये जगंल..."

बब्रुवान गर्रकन शब्बीरकडं वळला. इतक्या चौकशा केल्या आणि मुख्य तेवढी राहिलीच. "शब्बीरभाई, मागचं बिऱ्हाड का गेलं हितनं?"

शब्बीर खोलीत आला नाही. दाराबाहेरूनच बोलला. "माझी बहीण... सकिना. ह्याच खोलीत गेली, लेकरासकट. तवापासून पोटुशी बाई हितं बसली की तिचं जगतं. म्हणून तर भाभींना बाहेर बसवलं हुतं. मागच्यांचं बी जगलं. चांगलं गुटगुटीत."

"मग?"

"बदली झाली त्यांची. लेकरू घेऊन निघाले..." त्यानं मान खाली घातली. "एसटीपत्तर बी न्हाय पोचलं."

बब्रुवानानं द्वारकाचं मनगट धरलं आणि तिला जवळजवळ ओढतच अंगणात आणलं. ऊन रखरखत होतं. तिनं पोट धरलं आणि ती पांढरीफटक पडली.

"हालंना झालंय..."

"भ्यालीस तू. चल."

"न्हाय वो. आतापत्तर किती नाचत हुतं... हात लावा की."

त्यानं लावला. पोट गप्प होतं. ती वळली, आणि त्यानं अडवायच्या आत उंबरा ओलांडून आत गेली. तोही तिच्यासोबत उंबऱ्यापर्यंत ओढला गेला, हात तिच्या पोटावरच. तळहाताखाली एक लाथ बसली. मग दुसरी, चांगली जोमदार.

द्वारका रडत होती, हसतही होती. "आपण हितंच ऱ्हाऊ."

बब्रुवान उंबऱ्यावरच उभा होता. त्याची बदलीची नोकरी. वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा हुकूम येणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण ते पुढचं पुढं. आत्ता तळहाताखाली त्याचं लेकरू होतं.

"भाडं काय घेणार?" त्यानं विचारलं. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला.

शब्बीर बब्रुवानाच्या खांद्यावरून माजघरातल्या अंधाराकडं बघत होता, आणि कुणाचं तरी सांगणं ऐकून घ्यावं तशी हळूहळू मान हलवत होता.